मढेवेस

"इकून नाई."

निवृत्ती एवढंच बोलला. मोठ्या वेशीच्या देवडीवर, पहारेकऱ्याच्या जुन्या ओट्यावर, तो बसला होता. एक पाय वर घेतलेला, एक खाली सोडलेला, आणि खाली सोडलेला पाय बरोबर रस्त्यात. समोर तिरडी. तिरडीवर रुख्मिणी, हिरव्या लुगड्यात, कपाळ कुंकवानं भरलेलं. तिच्यापुढे तिचा नवरा सहदेव वेल्डिंगवाला, हातात विस्तवाचं मडकं. मडक्यातला धूर सरळ त्याच्या डोळ्यांत जात होता आणि दोन्ही हात गुंतलेले, त्यामुळे डोळे पुसायची सोय नव्हती.

"पाय काढ," सहदेव म्हणाला.

"पाय माहा हाये. वेस गावाची हाये. आन मढं इकून जात नसते."

"निवृत्ती, मयताच्या वेळी तमाशा नको करू."

"तमाशा?" निवृत्तीनं बाजूच्या लोकांकडं पाहिलं. "तमाशा कशाले म्हंतात ते मले शिकवतं का बे तू? माह्या मायचा तमाशा उभ्या गावानं पाह्यला. तू त तुह्या दुकानात उभा राहून पाह्यला. आता आपली बारी पाहाची."

मागं उभ्या असलेल्या लोकांतलं कोणी निवृत्तीला उठ म्हणालं नाही. सहदेवनं मान वळवून एकेकाचं तोंड पाहिलं. ज्याच्या ट्रॉलीचा हुक सणाच्या दिवशी जोडून दिला तो खाली पाहत होता. ज्याच्या पोरीच्या लग्नात मांडवाचे पाइप फुकट वापरायला दिले तो मोबाइल पाहत होता.

कोटपिंपरी हे गाव डोणगावच्या अंगाला. बाहेरून येणाऱ्याला आधी गाव दिसत नाही, तट दिसतो. खाली काळा दगड, वर पांढरी माती. म्हातारे सांगतात, तटावरून बैलगाडी जायची. आता शेळी गेली तरी ढेपळं खाली येतात. चार कोपऱ्यांना चार बुरूज होते. एक पावसात बसला आणि त्याचे दगड रातोरात लोकांच्या घराखाली जोत्याला जाऊन लागले. मधोमध गढी, तिची माती लोकांनी धाब्यावर टाकायला नेऊन नेऊन निम्मी केली. हे सगळं बांधलं कोणी? एक म्हणतो जाधवांनी, दुसरा म्हणतो निजामाच्या सरदारानं, तिसरा म्हणतो पेंढाऱ्यांच्या भीतीनं गावानंच. ज्याला विचारावं तो शेवटी आपल्याच आजाच्या आजाला गवंडी करून टाकतो.

पण वेशी दोन का, याच्यावर मात्र गावात वाद नाही. उगवतीला मोठी वेस. नवरी तिच्यातून येते, पोळ्याचे बैल तिच्यातून जातात, पालखी, पाव्हणे, आमदाराची गाडी, सगळं तिच्यातून. मावळतीला मढेवेस. ती बुटकी. घोड्यावर बसलेल्यानं, भाला धरलेल्यानं सरळ आत घुसू नये म्हणून कमान मुद्दाम खाली घेतलेली. कितीही मोठा माणूस असो, वाकल्याशिवाय पार होत नाही. धाडीच्या दिवसांत म्हणे आतल्याच एकानं रात्री हिच्या दाराची आगळ काढली. सकाळपर्यंत अर्धं गाव कापलं गेलं आणि ते सगळे मुडदे ह्याच वेशीतून बाहेर काढले. तेव्हापासूनचा नेम. ह्या वेशीतून फक्त मढं बाहेर जाईल, बाहेरून आत कोणीच येणार नाही. अग्नी देऊन आलेले लोकसुद्धा नाल्यावर आंघोळ करतात, तटाला वळसा घालतात आणि मोठ्या वेशीतून गावात शिरतात. शाळेतली पोट्टी खेळतानासुद्धा तिथून आत येत नाहीत.

आणि ही मढेवेस सहदेवनं बुजवली होती.

तो शेगावहून वेल्डिंग शिकून आला तेव्हा त्याच्याकडं जागा नव्हती. मढेवेस पडीक. दोन बाजूंना दोन देवड्या, वर कमान, तीन भिंती आयत्या. त्यानं वरून पत्रे टाकले, गावाच्या बाजूला शटर लावलं. लोक भांडायला आले. त्यानं हात जोडले.

"मागून दार ठिवतो ना बाप्पा. मयत झालं का आवाज द्या, शटर वर, दार उघडं. मेलेल्याले कोण अडवते?"

ते दार त्यानं ठेवलंही. मग एकदा मागून चोरी झाली, केबल गेली. सहदेव तसा तापट माणूस. दुसऱ्याच दिवशी कमानीत सिमेंटच्या विटांची भिंत घातली, भिंतीला आतून लोखंडी गर्डर आडवा लावला, आणि त्याच्या पुढ्यात काँक्रीटमध्ये ड्रिल मशीन बसवलं. माणसाच्या उंचीचं, हिरवं, त्याचं लाडकं. जुन्या दाराच्या लोखंडी पट्ट्या कापून त्याच्याच टेकूला वापरल्या.

"आता हत्ती आला तरी हलत नाई," तो म्हणायचा.

वेशीच्या जुन्या दगडी भिंतीत आगळ सरकवायचं खोल भोक होतं, हात खांद्यापर्यंत आत जाईल असं. त्यात तो वेल्डिंगच्या काड्या ठेवायचा. पावसाळ्यात आख्ख्या गावाच्या माचिशी सादळायच्या, सहदेवच्या काड्या कोरड्या ठाक. गाव कुरकुर करत राहिलं. पण शिव्या द्यायला आलेला माणूस जाताना कुळवाची पास जोडून घेऊन जायचा. अशी ही कुरकुर.

रुख्मिणी मात्र त्याला सोडत नव्हती. बाई तिखट. दुकानात गेट जोडायचा तो आणि रंग मारायची ती. लाल ऑक्साईडचा डबा, ब्रश, डोक्याला फडकं. ब्रश मारता मारता तोंडही चालू.

"आपुन मेल्यावर कुठून जाचं, इचार केला का तुमी? का पत्रे काढून वरून फेकतीन?"

"तू कायले मरतं वं? मले मारूनच मरशीन तू."

"मंग तुमाले कुठून नेऊ ते सांगून ठिवा. ड्रिल मशीनच्या भोकातून?"

दुकानात बसलेली गिऱ्हाइकं हसायची. सहदेवही हसायचा.

मग दोन वर्षांमागं, भर पावसाळ्यात, निवृत्तीची माय बनाबाई गेली. भिंत घातल्यावरचं गावातलं ते पहिलं मयत. तिरडी बांधून लोक दुकानापुढं आले. निवृत्ती पुढं होता, रडून डोळे सुजलेले. त्यानं तेव्हा हात जोडले होते. हे सगळ्यांच्या लक्षात आहे, सहदेवच्यासुद्धा.

"सहदेवभाऊ, मायले जाऊ दे."

सहदेवच्या हातात डोणगावच्या एका शाळेच्या गेटचं काम होतं. तो म्हणाला, "मशीन काँक्रीटात बसेल हाये. आता कुठं कुठं फोडू? मोठ्या वेशीतून न्या ना. बुढीले काय समजते?"

बुढीले काय समजते. हे तीन शब्द गावानं जपून ठेवले.

निवृत्तीनं नेम मोडला नाही. पडक्या बुरुजाच्या खिंडारावरून त्यानं मायला नेलं. वर चिखल, पायाखाली पांढऱ्या मातीचा लगदा. मधल्या टप्प्यावर पुढच्याचा पाय घसरला, तिरडी कलंडली आणि बनाबाईचा हात कापडातून बाहेर आला. कोपरापर्यंत चिखलात गेला. कोणीतरी पोट्टं घाबरून हसलं. निवृत्तीनं तो हात आपल्या धोतरानं पुसला, आत घातला आणि पुन्हा खांदा दिला. सहदेव दुकानाच्या दारात उभा होता. तिथून खिंडार साफ दिसतं.

त्या घरी चूल पेटणार नव्हती, म्हणून रुख्मिणीनं कडू घास केला. भाकरी, पिठलं, टोपलीत झाकून नेलं. निवृत्तीच्या बायकोनं, कोकिळानं, दार उघडलं, टोपली पाहिली आणि दार लावून घेतलं. रुख्मिणी तशीच परत आली. टोपली सहदेवच्या पुढ्यात ठेवली.

"घ्या. हा घास तुमचाच हाये."

सहदेवनं तो खाल्ला. भूक लागली होती.

पुढची दोन-तीन मयतंही खिंडारावरूनच गेली, मग यंदा पंचायतीनं ते बंद केलं. कोणी पुन्हा घसरू नये म्हणून तारेचं कुंपण, वर बाभळीच्या फांद्या. अँगलचे खांब सहदेवनंच वेल्डिंग करून दिले.

आणि आज सकाळी रुख्मिणी गेटाच्या दोन दारांपैकी एका फडकीला रंग मारत होती. सहदेव दुसऱ्या फडकीवर. तोंडावर मास्क, काडीचा कडकडाट. ती काहीतरी बोलली. ती नेहमीच काहीतरी बोलायची. जोड पुरा करून त्यानं मास्क वर केला तेव्हा ती ड्रिल मशीनला टेकून बसली होती, ब्रश मांडीवर, आणि लुगड्याला लाल डाग पडत होता. काय बोलली ते राहिलंच.

बायकांनी तिला न्हाऊ घातलं, हळद लावली, नवा चुडा भरला. नखांतलं लाल ऑक्साईड मात्र निघालं नाही.

"पाय काढतं का नाई?" सहदेव आता ओरडला. मडक्यातला विस्तव हलला. "का तुह्या छातीवरून नेऊ?"

"ने ना. कोन अडवते?" निवृत्तीनं खरंच पाय वर घेतला. मांडी घालून बसला. "हे पाय, काढला पाय. ने. गाव पाहून राह्यलं. आजपतूर ह्या वेशीतून एक मढं गेलं नाई. पह्यलं तुह्या बायकोचं ने."

रस्ता मोकळा झाला. आणि सहदेवचा पाय उचलेना.

"चला," तो खांदेकऱ्यांना म्हणाला. खांदेकरी चौघंच. दोन जावयाकडचे, एक दुकानात रोजानं येणारा, एक मेहकरहून आलेला साडू. त्यांनी पाऊल टाकलं.

"थांबा," प्रतीक्षा म्हणाली.

ही सहदेवची एकुलती पोरगी. लोणारला दिलेली, दुपारी बसनं आली होती आणि आल्यापासून बापाशी एक शब्द बोलली नव्हती. आता ती पुढं आली. पदर कमरेला खोचलेला, अगदी आईसारखा.

"इकून न्याची नाई माय."

"तू मंधात बोलू नको. बाया माघारी फिरा म्हंतलं ना."

"म्या फिरत नसते. बाबा, इकून नेली त उद्या काय होईन सांगू? कोणाची म्हैस आटली, रुख्मिणीचं नाव. कोणाच्या सुनेचं पोट पडलं, रुख्मिणीचं नाव. पोळ्याले बैल बुजला, रुख्मिणी ह्या वेशीतून गेल्ती म्हनून बुजला. तुमाले कोनी काई म्हननार नाई. तुमच्याकडं मशीन हाये, लोकायचं काम अडते. बोल लागन तो मायले. मेल्यावर तिले शिव्या खाऊ घालता का?"

अंगावर आलं की सहदेव नेहमी करायचा तेच त्यानं केलं. आवाज चढवला.

"मंग काय घरात ठेवू तिले? कुठून नेऊ?"

"तिनंच इचारलं होतं तुमाले. हजार बार इचारलं."

कोणीतरी मागून खाकरलं. शालिग्राम आबा. गावातला सगळ्यात जुना माणूस, तिरडी बांधायला, मुहूर्त सांगायला, भांडण लावायलासुद्धा तोच. काठीनं त्यानं आकाशाकडं दाखवलं.

"दिवस कलला. सूर्व्या बुडाल्यावर आपल्यात अग्नी देत नाईत. आन निंगेल तिरडी घराकडं फिरत नसते, खालीबी ठेवत नसते. आता गढीले वळसा घाला आन मावळतीकडं चला. तिथी सहदेव काय ते पाहून घेईन."

"तिथी भिंत हाये आबा," साडू म्हणाला.

"मले म्हाईत हाये. म्या बांधली नाई."

तिरडी वळली. सहदेव एकटा पुढं निघाला, मडकं छातीशी धरून, जवळजवळ पळत. गल्लीतली दारं लावलेली होती आणि प्रत्येक दाराच्या फटीत डोळा होता. पळता पळता तो शिव्या देत होता. निवृत्तीला, आबाला, केबल चोरून नेणाऱ्याला. रुख्मिणीलासुद्धा एक दिली.

दुकानाशी येऊन त्यानं खिशातून किल्ली काढली, पण मडकं हातात. मागं वळला तर प्रतीक्षा तिथंच होती. त्यानं न बोलता मडकं तिच्याकडं केलं. तिनं घेतलं. शटर वर गेलं.

लाइट नव्हती. त्यानं बटण दाबलं, पुन्हा दाबलं. ग्राइंडर मुका, कटर मुका. गॅसची टाकी मेहकरला भरायला गेलेली. राहिला घन. ट्रॅक्टरच्या पिना ठोकायचा, लांब दांड्याचा. सहदेवनं तो उचलला आणि आपल्याच भिंतीवर घातला.

भिंतीनं ठण्ण केलं. विटा चांगल्या होत्या. सिमेंटही त्यानं हात राखून टाकलं नव्हतं. दुसरा घाव, तिसरा. ड्रिल मशीन पुढ्यात आडवं, त्यामुळे अंग पुरतं फिरवता येत नव्हतं. त्यानं घन टाकला आणि मशीनच्या पायाशी पहार घातली. काँक्रीट हललं नाही. हत्ती आला तरी हलत नाई.

तिरडी तोवर दुकानापुढं पोचली. खाली ठेवायची नाही. जावयाकडच्या एका पोराचा खांदा खाली जायला लागला.

"खांदा द्या बे कोनी," साडू ओरडला.

लोक उभे. मग आबानं काठी आपटली.

"तिरडीले खांदा देणाराचं भांडण इचारत नाईत. चला."

तेव्हा लोक पुढं आले. ज्यानं मघाशी खाली पाहिलं होतं तो आला, मोबाइलवाला आला. तोंडं कडू, पण खांदा दिला. रुख्मिणी वर तरंगत राहिली, एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर. आत सहदेव पहारीवर आख्ख्या अंगाचा भार टाकत होता. घामानं सदरा पाठीला चिकटला. पहार निसटली आणि तो मशीनवर तोंडावर पडला. ओठ फुटला.

"बाजूले हो."

निवृत्ती दारात होता. सहदेवला वाटलं, हा मारायला आला. त्यानं आधी घन हातात घेतला असता, पण घन निवृत्तीच्या पायाशी होता आणि निवृत्तीनं तो उचलला.

"बाजूले हो म्हंतो ना. तुह्यानं होत नाई."

"तू नको हात लावू माह्या दुकानाले."

"तुह्यासाठी नाई लावून राह्यलो." निवृत्तीनं हातावर थुंकून हात चोळले. "रुख्मिणी वयनीनं कडू घास आनला होता माह्या घरी. कोकिळीनं दार लावलं. ते मले दोन सालापासून टोचते. आन हे दुकान फोडाचं म्हनसान तं, ते बी दोन सालापासून टोचते. आज दोन्ही होतीन."

असं म्हणून त्यानं ड्रिल मशीनच्या बरोबर कमरेत घाव घातला. बिडाचं लोखंड. चिरकलं. दुसऱ्या घावाला मशीनचं मुंडकं मोडून बाजूला पडलं, हिरव्या रंगाचा पोपडा उडाला. सहदेवच्या तोंडून आवाज निघाला, जनावरासारखा. पण तो आडवा आला नाही. त्यानं पहार उचलली आणि उरलेल्या धडाखाली घातली. एकानं वरून हाणलं, दुसऱ्यानं खालून उचललं. धड कलंडलं, फरशी फुटली.

मग गर्डर. मग भिंत. निवृत्ती वैऱ्यासारखा फोडत होता. एखाद-दोन घाव फळीवरही पडले, फळीवरचे डबे सांडले, मीटरच्या पेटीची काच गेली. त्याची काही गरज नव्हती. सहदेव पाहत होता आणि विटा हातानं ओढून काढत होता. बोटांची सालं निघाली. दोघंही एकमेकांना शिव्या देत होते.

"हाण ना जोरात, काय बायकांवानी हाणतं!"

"तू हात काढ आंधी, नाईतर तुहाच फुटन."

"माय घातली तुह्या..."

"मायचं नाव नको घेऊ! तुह्या तोंडानं माह्या मायचं नाव नको घेऊ."

सहदेवनं विटेवरचा हात काढला. निवृत्तीचा घन वरच थांबला होता. क्षणभर कुठं पडेल याचा नेम नव्हता. मग तो भिंतीवर पडला आणि वरच्या चार-पाच ओळी एकदम बाहेरच्या बाजूला कोसळल्या.

मावळतीचं ऊन सरळ आत आलं. दुकानात धूळ, आणि त्या धुळीत कमान उभी. कोरलेल्या दगडाची, बुटकी, दोन बाजूंना दोन कमळं, वेल्डिंगच्या धुरानं काळी पडलेली. खालच्या ओळीही सिमेंटासकट निघाल्या तेव्हा उंबऱ्याचा दगड दिसला, मधोमध झिजून खोलगट झालेला. सहदेव इतकी वर्षं तिथं काम करत होता, पण तो खोलगटपणा त्याच्या सिमेंटखाली गेल्यापासून त्यानं पाहिला नव्हता. धक्क्यानं आगळीच्या भोकातून काड्या घरंगळून खाली पसरल्या. निवृत्तीनं त्या पायानं बाजूला सारल्या.

"आना," आबा म्हणाला. "वाका आन आना. पाय पुढं."

खांदेकरी दुकानात शिरले. मोडलेल्या मशीनच्या बाजूनं, लाल ऑक्साईडच्या डब्यावरून, अर्ध्या रंगवलेल्या गेटाला अंग चोरत. कमानीशी येऊन सगळे वाकले. तिरडी खांद्यावरून हातांवर आली. निवृत्तीनं घन टाकला. त्याच्या बाजूचा एक बांबू खाली जात होता. त्यानं तो धरला, सरळ केला आणि तोही वाकला.

सहदेवनं तोंड सदऱ्याला पुसलं आणि मडक्यासाठी हात पुढं केले.

प्रतीक्षानं मडकं दिलं नाही.

तिनं बापाच्या हातांकडं पाहिलं, सालं निघालेल्या, विटांच्या भुकटीनं माखलेल्या. मग ती वळली आणि मडकं घेऊन पुढं गेली. कमानीत वाकली. पलीकडं उतरली. गावात कोणत्याही पोरीनं कधी असं केलं नव्हतं. सगळ्यांनी शालिग्राम आबाकडं पाहिलं. आबानं सूर्याकडं पाहिलं.

"चला, चला. बुडून राह्यला."

सहदेव सगळ्यांच्या मागून गेला. कमानीखाली वाकला तेव्हा डोकं दगडाला लागलं.

अग्नी वेळेत दिला गेला. सूर्य शेताच्या बांधावर होता तेव्हा. लोकांनी नाल्यावर आंघोळी केल्या, कडुलिंबाचा पाला चावला आणि तटाला वळसा घालून मोठ्या वेशीशी आले. देवडीपाशी कोकिळा उभी होती, डोक्यावर टोपली. तिनं टोपली उतरवली आणि प्रतीक्षाच्या हातात दिली.

"घास हाये. तू खाजो. घरी पाव्हणे असतीन त्याईले दे." मग सहदेवकडं न पाहता म्हणाली, "अजून कोनाले द्याचा असन त ते तुहं तू पाय."

निवृत्ती थांबला नाही, वळलाही नाही. ओल्या धोतरानं सरळ घराकडं गेला. त्याचं भांडण संपलं नव्हतं. उद्या तो पंचायतीत जाऊन कमान मोकळी ठेवायचा ठराव मांडणार हे त्याच्या चालण्यावरूनच कळत होतं.

प्रतीक्षा टोपली घेऊन घराकडं वळली. सहदेव तिच्यामागं दोन पावलं गेला, मग दुकानाकडं वळला.

शटर तसंच वर होतं. सवयीनं त्यानं ते खाली ओढलं, कुलूप अडकवलं, आणि मग त्याला समोरच्या कुलपावर आपलाच हात दिसला. मागून सगळं उघडं. त्यानं कुलूप काढलं, शटर पुन्हा वर केलं आणि आत गेला.

गेट होतं तिथंच होतं. एक फडकी लाल, दुसरी उघडी, लोखंडाच्या रंगाची. लाल फडकीवर खालच्या पट्टीला ब्रशचा फटकारा अर्ध्यात थांबलेला दिसत होता. ब्रश जमिनीवर पडला होता. त्यानं उचलला. केस कडक होऊन एकमेकांना चिकटले होते. टर्पेंटाइनमध्ये घातला तर मोकळा झाला असता. त्यानं तो तसाच डब्यावर आडवा ठेवला.

मग तो देवडीवर बसला, कमानीकडं तोंड करून. पलीकडं शेतं, नाला, नाल्याच्या काठाला धूर. वारा तिकडून आत येत होता. वाऱ्याला कोणी नेम शिकवला नव्हता.

जरा वेळानं विटांच्या ढिगावर खडखड झाली. सहदेव ताडकन उभा राहिला.

कोणाची तरी शेळी होती. कळपामागं राहिलेली. पुढचे दोन पाय उंबऱ्यावर टेकून ती आत पाहत होती.

"हाड," सहदेव म्हणाला. त्यानं हात उगारला. "हाड. इकून आत कोनी येत नसते."

शेळी गेली. सहदेव परत बसला, पण कमानीवरची नजर त्यानं काढली नाही.